करंगळीतला पाचू

दुपारी बाराच्या सुमाराला आई आमटीवर झाकण ठेवायची. घड्याळ बघून नव्हे, टेकडीवरच्या खाणीत शिट्टी वाजायची म्हणून. एक लांब शिट्टी, मग दोन आखूड, मग सगळं गप्प. त्या गप्पपणात भिवंडीच्या बाजूचे कापडाचे लूम स्पष्ट ऐकू यायचे, आणि तेवढ्यात जमिनीतून एक दणका येऊन आमच्या तळव्यांना लागायचा. कौलांमधून बारीक धूळ गळायची. झाकणावरची धूळ पदराने पुसत आई म्हणायची, "उडवला तुज्या बापानं." बाबा खाणीत सुरुंग लावायचे. भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून सगळ्यांना लांब पिटाळायचं आणि शेवटी स्वतः पळायचं, असं त्यांचं काम. आमचं घर राहनाळच्या अलीकडे, त्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. आज तिथे टेकडी नाही. तिच्या जागी निळ्या पत्र्याची दोन गोदामं आहेत आणि मानकोलीकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. नातवंडांना मी तिथे टेकडी होती म्हणून सांगते, तेव्हा ती मान डोलावतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, हे मला दिसतं.

बाबा घरी येताना कधी कधी दगड आणायचे. काळा कातळ फुटला की त्याच्या पोटात पोकळ्या निघायच्या आणि पोकळीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या सुया, काचेसारखे चौकोनी तुकडे, क्वचित हिरवट गोळे चिकटलेले असायचे. हे हिरवे गोळे एकमेकांना बिलगलेले, द्राक्षाच्या घडासारखे, वरून खरखरीत आणि मळकट. कौतुक असं कुणाला नव्हतं. आई अंगणात जवळा सुकत घालायची तेव्हा फडकं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची, त्यातले दोन हे हिरवे होते. रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर तोच जवळा कांद्यावर परतलेला. बाबा जेवताना बोलत नसत. सुरुंगांनी त्यांचे कान गेले होते. डावा पुरता, उजवा अर्धामुर्धा.

आणि मी बोलायला घाबरायची. माझं नाव कमल, आणि मला 'क' म्हणताच यायचा नाही. शाळेत हजेरी घेताना नुसतं 'हजर' म्हणायचं असे, ते जमायचं. पण कुणी नवीन माणसाने नाव विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, मान वाकडी व्हायची, आणि क-क-क करत मी तिथेच अडकून पडायची. पोरं मला कोंबडी म्हणायची. मी पायाने मातीत खड्डे करत उभी राहायची म्हणून तर ते नाव जास्तच शोभायचं. मनातल्या मनात मी घडाघडा बोलायची. मग तेच शब्द तोंडापाशी आले की वाट का विसरतात, हे मला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. आई मला भिवंडीतल्या एका ज्योतिषांकडे घेऊन गेली. त्यांनी पत्रिका पाहिली आणि सांगितलं, वाणीचा मालक बुध, तोच हिचा दुबळा आहे. उजव्या करंगळीत पाचू घाला, चांदीत, बुधवारी, आणि खडा खालून उघडा ठेवा म्हणजे कातडीला लागेल.  घरी आल्यावर आईने डब्यातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत तिच्या माहेरच्या बुगड्या होत्या. तिचं माहेर कशेळीचं. तिचे वडील खाडीत होडी घालून रेती काढायचे, ते मी जन्मायच्या आतच वारले. त्यांनी लग्नात लेकीला दिलेलं सोनं म्हणजे एवढंच. आईने पुरचुंडी बाबांच्या हातात दिली आणि त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून म्हणाली, "ह्या घ्या. पन पोरीला पाचू आना. खराच आना."

बाबांनी फडकं उघडून बघितलं, बांधलं आणि खिशात घातलं. नंतर बरेच आठवडे तसेच गेले. आईने विचारलं की म्हणायचे, "बगतोय, घाई न्हाय." मग एका बुधवारी त्यांनी अंगठी आणली. पातळ चांदीचं कडं आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा हिरवा खडा. द्राक्ष सोलल्यावर आत जसं पाणीदार, किंचित दुधाळ दिसतं, तसा. उन्हात धरला की आतून उजळायचा. आईने तो देवापुढे ठेवला, दुधाने धुतला, माझ्या करंगळीत घातला आणि घाईघाईने म्हणाली, "बोल. नाव सांग तुजं." मी सांगू शकले नाही. तिने माझ्याकडे न बघता दिवा सारखा केला.

पण पुढच्या वर्षभरात मी बोलू लागले, हे खरं आहे. एकदम नव्हे. बाबांना त्या वर्षी उजव्या कानानेही कमी ऐकू येऊ लागलं, आणि संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या कानाला तोंड लावायचं, प्रत्येक अक्षर ताणायचं, गाण्यासारखं ओढून ओरडायचं. तसं बोलताना अडायला व्हायचं नाही. अडलेच तर त्यांना ते ऐकूच जायचं नाही, त्यामुळे भीती नव्हती. मग हळूहळू इतरांशी बोलतानाही शब्दांची गाठ सैल होऊ लागली. आता, या वयात, मला वाटतं की गुण आला तो त्या कानाचा. पण तेव्हा घरात दुसऱ्या कशाचं नाव कुणी घेतलंच नाही. सगळं पाचूचं. आईने गावभर सांगितलं. राहनाळची एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली, ते अजून 'आई'सुद्धा म्हणत नव्हतं. तिने माझा हात धरून अंगठी त्याच्या जिभेला लावली. पोर माझ्याकडे टकामका बघत राहिलं. मी हात काढून घेतला नाही.

पुढे मी ठाण्याच्या कॉलेजात गेले आणि भूगर्भशास्त्र घेतलं. का, ते विचारू नका; रसायनशास्त्राच्या वर्गात जागा उरली नव्हती. शिकवायला निर्मला मॅडम होत्या, बुटक्या, खादीची साडी, पर्समध्ये कायम एक भिंग. एकदा प्रॅक्टिकलला त्यांनी हिरव्या खनिजांचा ट्रे मांडला आणि म्हणाल्या, "रंगावर जाऊ नका. खनिजाचा रंग हा सगळ्यात खोटा साक्षीदार. कठीणता बघा, वजन बघा, स्फटिक बघा." ही सगळी सिलिकेटं होती, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या एकाच सांगाड्यावर उभी. सांगाड्यात दुसरं काय येऊन बसलंय त्यावरून त्यांची घराणी वेगळी. लोह-मॅग्नेशियमचं ऑलिव्हिन, ज्याच्या स्वच्छ खड्याला बाजारात पेरिडॉट म्हणतात, ते तेलकट हिरवं. जेडचे दोन प्रकार, दिसायला भावंडं, आतून परके. बेरिल सहा बाजूंचं, आणि त्यात क्रोमियमचा अंश आला की तोच पाचू. आणि ट्रेच्या कोपऱ्यात एक गोळेगोळे असलेला, मळकट हिरवा, द्राक्षाच्या घडासारखा दगड.

"मॅडम," मी म्हणाले, "हा आमच्याकडे सुकटीच्या फडक्यावर ठेवतात."

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "ठेवत असतील. प्रेह्नाइट आहे ते. आपल्या मुंबई-ठाण्याच्या काळ्या कातळात निघतं. घासून पॉलिश केलं की इतकं सुरेख दिसतं की जेड म्हणून खपवतात, कधी पाचू म्हणूनसुद्धा."

शेजारची मैत्रीण शालिनी म्हणाली, "तुझ्या हातात खरा पाचू आहे ना? काढ की गारगोटीवर ओरखडा." पाचू गारगोटीपेक्षा कठीण, त्याने गारगोटीवर रेघ उमटायला हवी. मी अंगठी काढली आणि मोठ्या ऐटीत खडा गारगोटीवर ओढला. गारगोटी तशीच राहिली. मॅडमनी भिंग पुढे केलं. माझ्या खड्याच्या कडेलाच एक पांढरा चरा पडला होता.

त्यांना बहुधा माझा चेहरा दिसला. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, माझी परवानगी विचारून खडा चांदीतून सोडवला, दोऱ्याला बांधून आधी हवेत आणि मग पाण्यात तोलला. कागदावर भागाकार केला. पाचूचं विशिष्ट गुरुत्व पावणेतीनच्या आसपास यायला हवं. उत्तर तीनच्या जरासंच अलीकडे आलं. "प्रेह्नाइट," त्या हळूच म्हणाल्या. "कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट. ॲल्युमिनियमच्या जागी थोडं लोह शिरतं, त्याने हिरवा रंग येतो. कमल, हा काही वाईट दगड नाही. कुणी दिला तुला?"

मी "बाबांनी" म्हणायला गेले. 'ब' मला कधीच अडत नसे. त्या दिवशी अडला.

तिथून सगळं कोसळलं. आठवड्याने तोंडी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी साधं नाव विचारलं. मी उभी राहिले, क-क-क सुरू झालं आणि थांबेचना. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, मग नजर खाली घातली, मग "बसा" म्हणाले. पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला काळजी नको. मॅडमनी रदबदली करून पुन्हा तोंडी घ्यायला लावली. तेव्हाही मी अडले, पण थांबले नाही. अडखळत अडखळत सगळी उत्तरं दिली आणि पास झाले. नंतर भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्तीपर्यंत, आणि 'क' शेवटपर्यंत सुटला नाही. मुलं पहिले आठ दिवस हसायची, मग त्यांना सवय व्हायची. पण हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच गोंधळ होता. खडा खोटा, तर आलेली वाचा कुठून आली होती? आणि ती खरी होती, तर खडा खोटा म्हणताक्षणी गेली कशी?

आणि त्याहून वाईट म्हणजे बुगड्या. खडा जर आमच्याच खाणीतला फुकटचा दगड होता, तर आईच्या बुगड्यांचं काय झालं? बाबांना कुणीतरी फसवलं असणार, असं मी ठरवून टाकलं. अंगठी त्यांनी रशीदचाचांकडून आणली होती, एवढं मला ठाऊक होतं. चाचा मूळचे खंभातचे, तिथे अकीकचे खडे घासायचे. इकडे येऊन लूमवर शिफ्ट करायचे आणि उरलेल्या वेळात घराच्या पडवीत सहाण फिरवून खडे घासायचे, चांदीच्या अंगठ्या घडवायचे. मी सोडवलेला खडा आणि रिकामी अंगठी त्यांच्यासमोर ठेवली. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण रागातही शब्द फुटेना. शेवटी एवढंच निघालं, "चाचा, ये प-पन्ना नहीं है."

"नहीं है," चाचा शांतपणे म्हणाले. त्यांनी खडा उचलून बोटांत फिरवला आणि चरा दिसला तेव्हा त्यांना वाईट वाटलं. "किसने रगड़ा इसको? मेरे हाथ का काम है, बेटा. इतना साफ टुकड़ा निकालने में मुझे कितने दिन लगे थे."

"आपने बाबा को..."

"मैंने? तेरे बाबा खुद लाये थे, अपनी खदान से, थैली भर के. मैंने बोला भी, ये पन्ना नहीं होता, कच्चा पत्थर है. बोले, मालूम है. तू घिस." त्यांनी खडा पुन्हा कड्यात बसवून दिला. मी काही म्हटलं नव्हतं तरी चरा पडलेली कड चांदीच्या आत लपेल असा फिरवून बसवला.

म्हणजे बाबांना माहीत होतं. फसले नव्हते, त्यांनी फसवलं होतं. मी भिवंडीहून चालत आले. वाटेत मी काय काय शंका घेतल्या ते लिहायची आज लाज वाटते. बुगड्या विकून पैसे कुठे घातले? दारू ते पीत नव्हते. जुगार? दुसरं कुणी? ज्या माणसाच्या कानाशी मी वर्षभर रोज तोंड नेलं होतं, त्याच्याबद्दल मला काहीच माहिती नाही, असं वाटलं.

घरी विचारणं शक्य नव्हतं. बाबांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोलले असते तर चुलीपाशी आईने आधी ऐकलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन खाणीवर गेले. सुरुंग उडून गेले होते, धूळ खाली बसत होती, माणसं सावलीला जेवत होती. बाबा लांब एका दगडावर एकटेच बसलेले. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. आईला कळू नये अशी गोष्ट मला ओरडून, एकेक अक्षर ताणून विचारावी लागली: "बाबा, आईच्या बु-ग-ड्या कु-ठं हा-यत?" अडले नाही. ते मला तेव्हाही जाणवलं आणि त्याचा उलट रागच आला.

बाबांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. कुणी बघतंय का पाहिलं. बहिरी माणसं कुजबुजतात तेव्हाही मोठ्याने बोलतात, तसं ते बोलले.

"पितळ व्हती."

मला कळेना.

"सोनाराकडं नेल्या. त्यानं कसोटीवर घासल्या. आत पितळ, वर मुलामा. दुसऱ्या सोनाराकडं नेल्या, तो बी त्येच बोलला." त्यांनी डब्यावरची धूळ झटकली. "तुजी आई त्या बुगड्या हातात घिऊन बापाचं नाव घेती. तिला कसं सांगू? तुजा आजोबा लबाड व्हता, का त्यालाच कुनी फसवलं, मला काय म्हाईत? मेलेल्या मानसाला इचारायचं कुनी?"

"मग पाचू..."

"पाचू आनला न्हाय तर ती इचारनार, बुगड्या परत द्या. परत दिल्या, तर कधीतरी दुसऱ्या कामाला नेल्या असत्या. तवा कळलंच असतं." त्यांनी कातळाकडे हात केला. "मंग मी एक हिरवा दगड घासून आनला. आनि बुगड्या भोकात टाकल्या."

"कुठल्या भोकात?"

"सुरुंगाच्या. वर दारू ठासली. उडवल्या." मग म्हणाले, "त्या कातळाची खडी कशेळीच्या रस्त्याला गेली."

 त्यांच्या भुवयांवर दगडाची पांढरी धूळ होती. ते चोर नव्हते एवढं मला कळलं, आणि सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं असं की एक ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरून माझ्या डोक्यावर आलं. राहनाळच्या त्या पोराच्या जिभेला आम्ही काय लावलं होतं? आई गावभर कशाचं नाव सांगत होती? खरं बोलावं म्हटलं तर एका वाक्यात तिचा पाचू जाणार, नवरा खोटा ठरणार आणि मेलेला बापही. न बोलावं तर तिघांत एकटी तीच अडाणी राहणार. बाबांनी मला गप्प राहा म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता डबा पुसून माझ्या हातात दिला आणि पहारीपाशी गेले.

संध्याकाळी आई परसात निवट्या साफ करत बसली होती. खाडीच्या चिखलातले ते मासे राख लावल्याशिवाय हातात ठरत नाहीत. तिच्या कोपरापर्यंत राख होती. बाबा नुकतेच येऊन उंबऱ्यात टेकले होते. आईने वर बघितलं आणि विचारलं, "परीक्षेला गेलीस तवापास्नं तुजं बोलनं परत बिगाडलंय. मला दिसत न्हाय व्हय? अंगठी काडलीस का मदी?"

"काढली होती," मी म्हणाले.

"का?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांनी नजर हलवली नाही. मी ठरवलं, सांगायचं. निदान मला असं आठवतं की मी ठरवलं होतं. "आई, तो ख-" म्हणाले आणि अडले. ख-ख-ख. मान वाकडी झाली, डोळे मिटले गेले. 'ख' त्याआधी मला कधी अडला होता की नाही, हे मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलंय. कधी वाटतं, अडायचा. कधी वाटतं, त्या संध्याकाळी वाचा गेलीच नव्हती; मीच तिला आतून धरून ठेवलं आणि बोबड्या पोरीचं सोंग केलं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, बाबा तिच्या आधीच गेले, आणि या एका गोष्टीचा निकाल मला लावता आलेला नाही.

आई हातातली निवटी तशीच धरून थांबली. तिने मला घाई केली नाही, शब्द पुरवला नाही. माझं ख-ख विरून गेलं तशी तिने नजर काढून बाबांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिला काही कळलं होतं की नाही, ते त्या बघण्यातून मला वाचता आलं नाही. मग तिने मासा पाण्यात बुचकळला आणि बाबांना ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात म्हणाली, "पोरगी उपाशी हाय. आंगोळ करा लवकर, पानं वाढते."